चार मॅट टाकल्या म्हणून गाडी हलकी होत नाही

गाडीचं वजन कमी करायचं म्हटलं की आपल्याकडे उत्तर तयारच असतं, पत्रा काढा आणि फायबर टाका. चाकणच्या मीटिंगमध्ये पण हेच, भोसरीच्या शेडमध्ये पण हेच आणि टेम्पोची बॉडी बांधून घेणारा गिऱ्हाईक पण हेच म्हणतो. मी बरीच वर्षं फायबरच्या, म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट रेझिनमध्ये (नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवून केलेल्या पार्ट्सच्या डिझाइनचं काम करतोय, पोटच त्यावर चालतं, आणि मटेरियल म्हणून ते मला मनापासून आवडतं. म्हणूनच आज जरा सविस्तर लिहितोय, कारण पत्र्याच्या जागी फायबर आलं की वजन आपोआप उतरतं हा समज इतका घट्ट बसलाय की कुणी पार्ट काट्यावर ठेवूनच बघत नाही, आणि ठेवला तर कित्येकदा असं दिसतं की फायबरचा पार्ट जुन्या पत्र्याच्या पार्टाएवढाच भरतोय, कधी कधी तर जास्त.

हे कसं होतं ते आकड्यांनीच बघू, आकडे सोपे आहेत.

स्टीलची घनता ७.८५ (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, पुढचे आकडेही त्यातच). ॲल्युमिनियमची २.७. गाडीच्या कामात जी काच वापरतात त्या ई-ग्लासच्या धाग्याची साधारण २.५५ आणि साध्या पॉलिस्टर रेझिनची १.२ च्या आसपास. काच आणि रेझिन मिळून जो पार्ट तयार होतो तो १.४ ते १.९ च्या मध्ये कुठेतरी येतो, काचेचं प्रमाण किती यावर. म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या स्टीलच्या चौथा-पाचवा हिस्सा वजन. बहुतेक लोक हिशोब इथेच थांबवतात आणि खूश होतात. पण पुढचा आकडा कडकपणाचा आहे. स्टीलचा मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचं माप, २०५ गिगापास्कल, आणि आपल्याकडे हाताने जी मॅट टाकतात त्या लॅमिनेटचा (थरांच्या पार्टाचा) जेमतेम ७-८. म्हणजे पंचवीस-तीस पट मऊ. त्यामुळे ०.८ मिमी पत्र्याच्या जागी ०.८ मिमी फायबर कुणी लावू शकत नाही, ते कागदासारखं लवेल, जाडी वाढवावीच लागते.

आता इथे निसर्ग आपल्या बाजूने आहे, कारण पॅनल वाकायला जो विरोध करतं तो जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली की कडकपणा आठपट. त्यामुळे २५ पट मऊ मटेरियलला २५ पट जाड व्हावं लागत नाही, तीन पटीने काम होतं. ०.८ मिमी स्टीलचा पत्रा एक चौरस मीटरला ६.३ किलो भरतो. तेवढाच वाकण्याचा कडकपणा हाताने टाकलेल्या फायबरमध्ये हवा असेल तर साधारण २.५ मिमी जाडी पुरते आणि त्याचं वजन येतं साडेतीन किलो. ४०-४५ टक्के बचत! कागदावर हे इतकं छान दिसतं की कुणीही सही करेल.

मग शेडमध्ये काय होतं?

शेडमध्ये ४५० ग्रॅमची चॉप्ड स्ट्रँड मॅट, म्हणजे कापलेल्या धाग्यांची चादर असते. एक चौरस मीटर मॅट म्हणजे ४५० ग्रॅम काच, आणि ती भिजवायला नीट काम केलं तरी साधारण एक किलो रेझिन जातं, कारण त्या मॅटमधले धागे कसेही पसरलेले असतात, मधे पोकळी खूप, ती सगळी रेझिनने भरते. म्हणजे एक थर दीड किलोचा आणि जाडी एक मिमीच्या जरा वर. अडीच मिमी पाहिजे म्हणजे अडीच थर, ते तर होत नाही, म्हणून तीन. मग कडेला फ्लँज (जोडायची पट्टी) तिथे एक जास्तीचा, बोल्टच्या जागी एक जास्तीचा, आणि मग कारागीर म्हणतो सगळीकडेच चार टाकू, कापाकापी नको. चार थर म्हणजे सहा किलो. वर जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, अर्धा मिमी, तो पाऊण किलोच्या आसपास. झाले पावणेसात. पत्रा होता सव्वासहाचा.

आम्ही ज्यांच्याकडून काम करून घेतो तिथे एक मामा आहेत, आयुष्यभर लॅमिनेशन केलेला माणूस. गणपतीच्या आधी मंडळांच्या देखाव्यांचे पुतळे आणि कमानी, उरलेलं वर्ष ट्रकचे काऊल आणि बसचे बंपर. हात असा की रोलर फिरवताना नुसत्या आवाजावरून सांगतात कुठे हवा राहिलीय. त्यांना मी म्हटलं, मामा, इथे तीनच मॅट दाखवल्यात ड्रॉइंगमध्ये, तुम्ही चार का टाकताय. तर म्हणाले, "साहेब, तीन टाकली आणि तडकली तर तुम्ही मलाच फोन करणार. चार टाकल्यावर आजपर्यंत कुणाचा फोन नाही आला."

आणि ते बरोबरच बोलले. त्यांना कुणी कधी वजन विचारलंच नाही. ऑर्डर नगावर निघते, तपासणी होते ती चकाकीची, कडांची आणि भोकं जुळतात का याची. वजनाचा रकानाच नाही. मग जो माणूस चौथी मॅट टाकतो तो स्वतःची सुरक्षितता विकत घेतो आणि तिचं भाडं पुढे ती गाडी जोवर चालते तोवर डिझेलमध्ये कुणीतरी भरत राहतं. यात मामांचा दोष काडीचा नाही, दोष आम्हा डिझाइनवाल्यांचा आणि खरेदीवाल्यांचा आहे, आम्ही जे मोजत नाही ते आम्हाला मिळत नाही.

रेझिनचं प्रमाण हा तर वेगळाच विषय. लोकांना वाटतं रेझिन जास्त म्हणजे पार्ट मजबूत, कारण वरून गुळगुळीत आणि भरीव दिसतो. प्रत्यक्षात स्लॅबमध्ये जे काम सळईचं तेच इथे काचेचं, ताण काच घेते आणि रेझिन तिला जागेवर धरून ठेवतं. जास्तीचं रेझिन म्हणजे नुसतं वजन, वर ते ठिसूळ, कोपऱ्यात साचलं की तिथूनच केसासारखी भेग निघते. काचेचं प्रमाण वजनात ३० टक्क्यांवरून २५ वर घसरलं की तोच एक थर दीडचा १.८ किलोचा होतो. घाईत, आणि विशेषतः उन्हाळ्यात, हे रोज होतं. एप्रिल-मेमध्ये भोसरीच्या पत्र्याच्या शेडखाली रेझिन बादलीतच गोठायला लागतं, त्यामुळे पटापट ओतून मोकळं व्हायचं. पावसाळ्यात उलटा त्रास, मॅट ओल धरते, मग ती नीट भिजत नाही, थर पांढरट दिसतात, म्हणून परत वरून रेझिन. रेझिन कडक करणारं हार्डनर ऋतूप्रमाणे एक-दोन टक्क्यांच्या मध्ये खालीवर करावं लागतं आणि ते बहुतेक ठिकाणी अंदाजानेच होतं. एक गोष्ट मात्र अंदाजाने कधीच करायची नाही, कोबाल्टचं ॲक्सिलरेटर आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळायचं नाही, भडका उडतो, आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच दुसरं. नवीन पोरांना हे पहिल्या दिवशी सांगा.

आता कुणी म्हणेल मग फायबरच्या गाड्या जगात झाल्याच कशा. झाल्या ना, आणि चांगल्या झाल्या. १९५३ साली अमेरिकेत शेवरोलेची कॉर्व्हेट आली, पूर्ण बॉडी फायबरची, पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या. १९८४ च्या पहिल्या रेनो एस्पासला गॅल्व्हनाइज्ड स्टीलचा सांगाडा आणि वरून फायबरचे पॅनल. आपल्याकडे सत्तरच्या दशकात बंगळूरला बादल नावाची तीन चाकांची कार निघाली, नंतर सिपानी कंपनीची डॉल्फिन, दोन्ही फायबरच्या. या सगळ्यांत लक्षात घेण्यासारखं हे की फायबर निवडण्याचं मुख्य कारण बऱ्याचदा वजन नव्हतंच, डायचा (पत्रा दाबून आकार देणाऱ्या साच्याचा) खर्च होतं. पत्र्याच्या एका दरवाज्याला तीन-चार डाय लागतात आणि त्या प्रचंड महाग, पण एकदा बसल्या की काही सेकंदाला एक पॅनल. फायबरचा मोल्ड त्यामानाने स्वस्त, पण हाताने केलं तर दिवसाला एक-दोन पार्ट. म्हणून कमी संख्येच्या गाड्यांना फायबर परवडतं आणि लाखांनी निघणाऱ्या गाड्यांना पत्रा. हलकेपणा हा त्यात मिळाला तर मिळाला असा होता.

मधला रस्ता म्हणजे एसएमसी (शीट मोल्डिंग कंपाउंड). काच, रेझिन, चुनखडीची भुकटी हे सगळं आधीच चादरीसारखं लाटून ठेवलेलं असतं, चादर कापायची, गरम डायमध्ये ठेवायची, प्रेस दाबायचा, दीड-तीन मिनिटांत पार्ट बाहेर. जाडी प्रेस ठरवतो, माणसाचा मूड नाही. आपल्याच भागात हे काम वर्षानुवर्षं होतंय, टाटा ऑटोकॉम्पसारख्या मोठ्या कंपन्यांपासून लहान प्रेसवाल्यांपर्यंत. एसएमसी हाताच्या कामापेक्षा जड असतं, १.८५ च्या आसपास, पण कडकही जास्त, त्यामुळे तोच हिशोब केला तर ०.८ पत्र्याला २.२ मिमी एसएमसी लागतं आणि चौरस मीटरला चार किलो. पस्तीस टक्के बचत, आणि मुख्य म्हणजे ही बचत प्रत्येक पार्टात तेवढीच येते, सोमवारी वेगळी आणि शनिवारी वेगळी नाही. शिवाय गरम झाल्यावर एसएमसी जवळपास स्टीलइतकंच पसरतं, त्यामुळे स्टीलच्या सांगाड्यावर बोल्ट करून पेंटच्या ओव्हनमधून काढलं तरी वेडंवाकडं होत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीच्या झाकणाला आता ते बऱ्याच ठिकाणी वापरतात, वीज वाहत नाही, आगीला वेळ देतं, गंजत नाही. मला तर वाटतं येत्या काळात आपल्याकडे सगळ्यात जास्त काम त्या झाकणांचंच असेल.

नायलॉनमध्ये ३० टक्के बारीक काच घालून जे इंजेक्शन मोल्डिंग होतं त्यावर मी जास्त लिहित नाही, ती लढाई जिंकून झालीय. इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डचं ॲल्युमिनियम कास्टिंग गेलं, रेडिएटरच्या टाक्या गेल्या, फॅन गेले, लोकांना कळलं पण नाही की त्यांच्या बॉनेटखाली एवढी काच आहे.

आता वजन कमी करून मिळतं काय, ते पुण्याच्याच गाडीवर बघू, कारण हायवेच्या कारचे आकडे इथे लावून उपयोग नाही. कारच्या बाबतीत जगभर जो ठोकताळा सांगतात तो असा की वजन १० टक्के उतरलं तर इंधन ६ ते ८ टक्के वाचतं, तेही इंजिन त्या मानाने लहान केलं तर. पण स्वारगेटहून हडपसरला जाणारी बस घ्या. समजा तिचं वजन ५०० किलोने कमी केलं, आणि समजा दिवसात स्टॉप, सिग्नल, रिक्षा आडवी आली, सगळं धरून ३०० वेळा ती थांबून परत ताशी ४० ला गेली. प्रत्येक वेळी त्या ५०० किलोला वेग द्यायला ३१ किलोज्यूल लागतात, ३०० वेळा म्हणजे सव्वानऊ मेगाज्यूल, आणि ते सगळं पुढच्या ब्रेकला गरम होऊन उडून जातं. त्यात टायर घरंगळवायचा खर्च, दिवसाला २०० किमी धरले तर आणखी आठएक मेगाज्यूल. इंजिनची कार्यक्षमता ३० टक्के पकडली की दिवसाला दीड लिटरच्या आसपास डिझेल. वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका बसमागे साडेचारशे लिटर. अख्ख्या डेपोचा गुणाकार तुम्हीच करा.

इलेक्ट्रिक बसचं गणित मात्र थोडं वेगळं. २०१९ पासून पीएमपीएमएलच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या ताफ्यात या बस आहेत, भेकराईनगर आणि निगडीपासून सुरुवात झाली. ब्रेक मारल्यावर मोटर त्यातली बरीच ऊर्जा परत बॅटरीत घालते, त्यामुळे ५०० किलो कमी केल्याने दिवसाला तीन-चार युनिट वाचतील, म्हणजे तीन-चार किलोमीटर जास्तीचे. ऐकायला थोडं वाटतं आणि खरंच थोडं आहे, इथे उगाच फुगवून सांगण्यात अर्थ नाही. पण इलेक्ट्रिक बसमध्ये खरा फायदा माणसांचा आहे. छतावर आणि मागे टनाच्या वर बॅटरी बसलेली असते, एक्सलवर किती भार चालेल याला कायद्याची मर्यादा आहे, म्हणजे बॅटरी आली की तेवढे प्रवासी कमी. बसच्या नियमात एका प्रवाशाचं वजन ६८ किलो धरतात. ५०० किलो म्हणजे सात माणसं. सकाळी आठ वाजता पुलगेटला उभ्या असलेल्या सात माणसांना विचारा वजन कमी करून काय मिळतं ते.

अमेरिकेत प्रोटेरा नावाच्या कंपनीने पूर्ण बसची बॉडीच काच आणि थोडा कार्बन वापरून, मधे बाल्सा लाकडाचा गाभा घालून बनवली होती, स्टीलचा सांगाडाच नाही. कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण बॉडीची ती पद्धत मला अजूनही पटते. दोन पातळ कातड्या आणि मधे हलका गाभा ही रचना वजनाच्या बाबतीत सगळ्यात भारी, कारण जाडी वाढते पण वजन वाढत नाही, आणि वर सांगितलेला तो जाडीचा फायदा पूर्णपणे आपल्या कामी येतो. आपल्या बसच्या छताला, मागच्या भिंतीला, दरवाज्यांना हे आजही करता येईल. फोमचा गाभा आणि व्हॅक्यूम इन्फ्युजन, म्हणजे कोरड्या मॅट मोल्डवर अंथरायच्या, वर प्लास्टिकची पिशवी सील करायची, पंपाने हवा ओढायची की रेझिन आपोआप आत जाऊन तेवढंच भरतं जेवढी जागा आहे. काचेचं प्रमाण वजनात ५० टक्क्यांच्या वर जातं, रेझिनचा वास शेडभर पसरत नाही आणि जाडी दर वेळी सारखी. पंप आणि पिशवीचा खर्च आहे, मान्य, पण हा खर्च एसएमसीच्या प्रेससारखा छाती दडपवणारा नाही, भोसरीतल्या शेडला झेपणारा आहे. मला सगळ्यात जास्त आशा याच कामाकडून आहे. मामांसारख्या माणसांचं कसब यात वाया जात नाही, कोपऱ्यात मॅट कशी बसवायची हे मशीनला नाही, त्यांनाच कळतं.

आमचा सध्या तोच प्रयत्न चाललाय, मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकीच्या केबिनचं छत इन्फ्युजनने करायचं. आणि ड्रॉइंगवर पहिल्यांदाच वजन लिहिलंय, प्लस-मायनस पाच टक्के, त्याच्या बाहेर गेला की पार्ट परत. मामांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग स्वतःच काटा मागवला. आता पोरं पैज लावतात कुणाचा पार्ट आकड्याच्या जवळ येतो.

काही गोष्टी आहेत ज्यांबद्दल फायबरवाले बोलायचं टाळतात, त्या मला इथे लिहायच्याच आहेत.

आग. साधं पॉलिस्टर रेझिन पेटतं आणि काळाकुट्ट धूर सोडतं. बसच्या आत वापरायचं तर आयएस १५०६१ ची ज्वलनाची चाचणी आहे, बस बॉडीचा कोड एआयएस-०५२ आहे, आपल्या वेताळ टेकडीवरच एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्यांची संस्था बसलीय चाचणी करून द्यायला. ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेटची भुकटी रेझिनमध्ये घातली की ती तापल्यावर पाणी सोडते आणि आग मंदावते, पण तिने वजन वाढतं आणि रेझिन घट्ट होतं म्हणून हाताने काम करणं अवघड होतं. म्हणून काही ठिकाणी सॅम्पल एका रेझिनचं आणि माल दुसऱ्या रेझिनचा असा प्रकार चालतो. हे फार चुकीचं आहे. बसमध्ये आपलीच माणसं बसतात.

बोल्ट. फायबरला थेट भोक पाडून बोल्ट आवळला की वर्षभरात तो सैल होतो, कारण रेझिन दाबाखाली हळूहळू सरकतं. स्टीलची बुशिंग (भोकात बसणारी छोटी नळी) घाला, मोठा वॉशर घाला, आवळण्याचा भार धातूने घेऊ दे. या बुशिंगचं वजन पण हिशोबात धरा.

मार. पत्रा आपटला की पोचा पडतो आणि दिसतो. फायबर आपटलं की कधी कधी वरून काहीच दिसत नाही पण आत थर सुटलेले असतात. नाणं घेऊन ठोकत जा, टणटण वाजता वाजता मधेच बोदा आवाज आला की तिथे आत पोकळी. गॅरेजवाल्यांनी ही सवय लावून घ्यायला हवी.

आणि माणसं. मोल्डिंगला रेझिनमधून उडणाऱ्या स्टायरीनचा वास, ट्रिमिंगला काचेची धूळ. अंगाला खाज सुटते ती दोन दिवसांत जाते म्हणून लोक हसण्यावारी नेतात, पण रोज बंद शेडमध्ये साधा रुमाल बांधून ग्राइंडर मारणारी पोरं मी बघतो तेव्हा मला आत कुठेतरी तुटतं. चांगला मास्क आणि धूळ ओढणारा पंखा याचा खर्च पार्टाच्या किमतीत धरा, गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा की हा खर्च यात आहे. गिऱ्हाईक देतो, आम्ही मागितल्यावर दिला.

भंगाराचं काय? पत्रा भंगारवाला घरी येऊन पैसे देऊन नेतो, फायबर कुणी नेत नाही. पॉलिस्टर एकदा कडक झालं की परत वितळत नाही. काच वेगळी काढायला जाळलं तर काचेची ताकद निम्म्याच्या खाली येते. आज खरोखर चालणारा मार्ग म्हणजे सिमेंटची भट्टी, तिथे रेझिन इंधन म्हणून जळतं आणि काचेतली सिलिका, चुना, ॲल्युमिना सिमेंटमध्येच मिसळून जातात. पण त्यासाठी कुणीतरी हे गोळा करून, तुकडे करून भट्टीपर्यंत न्यायला हवं. चाकण, भोसरी, पिरंगुट मिळून एकत्र गोळा केलं तर हे जमण्यासारखं आहे, एकट्या शेडला गाडीभाडं परवडत नाही. तोपर्यंत ट्रिमिंगचे तुकडे नाल्याकाठी पेटवणं तरी थांबवूया.

एवढं सगळं लिहिल्यावर प्रश्न उरतो की काचेच्या धाग्याची सगळ्यात योग्य जागा गाडीत कुठली. माझं उत्तर पॅनल नाही. माझं उत्तर पाटे, गाडीचा भार झेलणारे कमानपाटे.

कमानपाट्याचं काम कडक राहणं नाहीच, त्याचं काम वाकणं, धक्का पोटात घेणं आणि परत सोडणं. एक किलो मटेरियल किती धक्का पोटात घेऊ शकतं हे ताकदीच्या वर्गावर (ताकद गुणिले ताकद) अवलंबून असतं आणि मऊपणाने वाढतं. पॅनलमध्ये काचेचा जो मऊपणा आपल्याला नडतो, जाडी वाढवायला लावतो, तोच इथे गुण होतो. सगळे धागे एकाच दिशेने, एपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेले, असा पाटा एका किलोमागे स्प्रिंग स्टीलच्या कितीतरी पट ऊर्जा साठवतो. कार्बन सुद्धा इथे काचेपुढे फार काही करू शकत नाही, कारण तो जास्त कडक आहे आणि खूप महाग आहे. १९८१ च्या कॉर्व्हेटला मागे आडवा काचेचा पाटा बसवला, आधीचा अनेक पानांचा स्टीलचा पाटा साधारण अठरा किलोचा, नवा एकच पान आणि साडेतीन-चार किलोचा. मर्सिडीज स्प्रिंटरला पुढे आडवा काचेचा पाटा आहे. ऑडीने २०१४ मध्ये ए-६ ला काचेची कॉइल स्प्रिंग लावली, स्टीलची २.७ किलोची, ही १.६ ची. म्हणजे हे प्रयोगशाळेतलं स्वप्न नाही, रस्त्यावर फिरतंय.

आणि पाट्याचं बरंचसं वजन चाकाबरोबर खाली-वर हलणाऱ्या भागातलं, ते कमी झालं की खड्ड्यात चाक जमिनीला जास्त चिकटून राहतं, टायर कमी झिजतं, आतला माल कमी आपटतो. टोमॅटो घेऊन नारायणगावहून मार्केट यार्डला येणाऱ्या पिकअपला याची जेवढी गरज आहे तेवढी कुठल्या महागड्या कारला नाही. तुटतानाही तो स्टीलच्या पाट्यासारखा एकदम दोन तुकडे होऊन गाडी रस्त्यावर बसवत नाही, आधी धागे लांबीत सुटायला लागतात, पाटा मऊ पडतो, गाडी एका बाजूला कलते, ड्रायव्हरला कळायला वेळ मिळतो.

मग आपल्याकडे तो सर्रास का दिसत नाही? एक तर किंमत. दुसरं म्हणजे डोळा, पाट्याच्या टोकाला जिथे बुश बसतो तो भाग. स्टीलमध्ये पान वळवलं की डोळा झाला, फायबरमध्ये धागे असे वळवता येत नाहीत, स्टीलचा डोळा वेगळा करून बोल्टने जोडावा लागतो, आणि सगळा त्रास त्या जोडावर येतो. तिसरं, दगड. खालून उडालेला दगड पाट्याच्या ताणातल्या बाजूला लागला की तिथे चीर सुरू होते, त्यासाठी वरून रबरासारखा थर द्यावा लागतो. चौथं, ओव्हरलोड. दीड टनाच्या गाडीत तीन टन घालायची सवय असेल तर पाटा एक्सलला बांधणाऱ्या मधल्या यू-बोल्टखाली फायबर चिरडतं, तिथे पॅड जाड द्यावं लागतं. हे चारही प्रश्न सुटण्यासारखे आहेत, पण ते सॉफ्टवेअरमध्ये नाही तर खऱ्या रस्त्यावर, खऱ्या मालासकट सुटतील.

म्हणून विचारतोय, तुमच्यापैकी कुणी आयात केलेले किंवा सॅम्पल म्हणून मिळालेले फायबरचे पाटे पिकअपला लावून पुणे-नाशिक किंवा सोलापूर रोडला चालवले असतील, तर डोळ्याच्या बोल्टजवळ काय दिसलं ते फोटोसकट मला कळवा. किती किलोमीटर झाले, माल किती असायचा, बुश किती वेळा बदलला, यू-बोल्ट परत आवळावे लागले का. काढून टाकलेला पाटा पडून असेल तर टाकू नका, मी येऊन घेऊन जाईन, कापून बघायचाय.